कातळावरच्या घराला सर्ज प्रोटेक्टर बसवताना

आमच्याकडे देवगडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, विजांचे हंगाम दोन. एक मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस यायच्या आधी. दुसरा ऑक्टोबरात, तो परत जाताना. मधल्या जुलै-ऑगस्टात पाऊस धो धो कोसळतो, पण गडगडाट फारसा नसतो. घरातल्या वस्तू जळतात त्या या दोन टोकांना. गेल्या ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी आमचा टीव्ही, त्याचा सेट टॉप बॉक्स आणि वॉशिंग मशीनचं कार्ड असं सगळं एकदम गेलं. डीप फ्रीझर तेवढा वाचला. त्यात हंगामानंतर विकायला ठेवलेला आमरस होता, त्यामुळे पहिलं लक्ष तिकडेच गेलं होतं. तो जुन्या बनावटीचा आहे: साधा थर्मोस्टॅट, आत कार्ड-बिर्ड काही नाही. म्हणून टिकला.

वीज घरावर पडलेली नव्हती. घरावर पडली असती तर हे लिहायला बसले नसते. ती पडली कुठेतरी लांब, सड्याच्या पलीकडे. पण आमच्या वाडीपर्यंत लाईट येते ती खांबांवरच्या उघड्या तारांतून, कातळ ओलांडत. या तारांच्या आसपास कुठेही वीज पडली की त्यांच्यामध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा लोट उठतो आणि तारेबरोबर घरात येतो. हाच सर्ज. तो किती वेळ टिकतो? त्याची चाचणी घेताना जो प्रमाण लोट धरतात तो ८ मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. एमसीबीला, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या बोर्डातल्या खटक्याला, पडायला मिलिसेकंद लागतात. स्टॅबिलायझरचा रिले हलेपर्यंत तर सर्ज येऊन, नासधूस करून गेलेला असतो. ‘आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे, आम्हाला काय होतंय’ असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येकाकडे असतात, आमच्याकडेही आहेत. स्टॅबिलायझर चांगलाच, पण तो कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजसाठी. हे दुखणं वेगळं.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने पॉवर सप्लायचा बोर्ड उघडून दाखवला. पिनेच्या अगदी जवळ एक निळी चकती दोन तुकडे होऊन काळी पडली होती. तिच्यावरचं लिखाण अजून वाचता येत होतं: १४डी४७१के. तिला एमओव्ही म्हणतात. झिंक ऑक्साइडची असते. १४ म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये, ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. त्या व्होल्टेजपर्यंत ती जवळपास काहीच वाहू देत नाही. त्याच्या वर गेलं की एकदम वाट मोकळी करून देते आणि लोट आपल्यातून परतवते. आपल्या घरातले २३० व्होल्ट हे सरासरीच्या हिशेबाचे. लाटेचं शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ३२५ व्होल्टवर असतं. म्हणून चकती ४७० ची. रोजच्या लाटेला ती गप्प राहते.

मी त्याला विचारलं, की ही चकती आत होतीच, तर टीव्ही गेला कसा? तो म्हणाला, ‘लाईटीच्या बाजूने आलेलं हिने अडवलं. पण बोर्डाचा हा दुसरा कोपरा बघा. जळालंय ते डिशच्या केबलच्या बाजूने.’

याचा अर्थ मला तेव्हा नीट लागला नाही. लागला तो बऱ्याच नंतर, आणि सगळ्या कामाची दिशा त्यानेच ठरली.

*

कणकवलीला दुकानात जाऊन सर्ज प्रोटेक्टर मागितला तर समोर येतो तो स्पाइक गार्ड: चार-पाच सॉकेटची पट्टी, लाल दिवा, एक बटण. दुकानदार ओळखीचे, त्यांनी स्वस्तातली एक पट्टी स्क्रू काढून उघडून दाखवली. आत पितळी पट्ट्या, दिव्याचा रेझिस्टर आणि ओव्हरलोड झाला की उडणारं बटण. बस्स. एमओव्हीचा पत्ताच नाही. ही पट्टी म्हणजे नाव बदललेला एक्स्टेंशन बोर्ड. दुसऱ्या, थोड्या महागाच्या पट्टीत एक चकती होती, तीही फक्त फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये. तिसरीच्या खोक्यावर मात्र नीट आकडे होते: किती ज्यूल, किती किलोअँपिअर, कुठल्या व्होल्टेजला अडवते, आणि फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही वाटांवर संरक्षण आहे का. खोक्यावर हे आकडे नसतील तर पट्टी परत ठेवावी, भले तिच्यावर विजेचं कितीही मोठं चित्र असो. सॉकेटचा आयएस १२९३ चा शिक्का चांगला, पण तो सॉकेट आणि पिनेपुरता. त्याचा सर्जशी संबंध नाही.

घेण्याआधी दुकानदारांनी एकच प्रश्न विचारला. ‘वहिनी, घराचं अर्थिंग कधी केलेलं?’

घर सासऱ्यांनी बांधलं तेव्हाच्या गोष्टी. अर्थिंग आहे एवढं माहीत होतं, कारण घराच्या मागच्या कोपऱ्यात जमिनीतून एक पाइप वर आलेला आहे आणि त्याला तार गुंडाळलेली आहे. उन्हाळ्यात सासूबाई त्यावर कळशीभर पाणी ओततात. ‘मग आधी ते बघून घ्या, पट्टी कुठे पळून जात नाही,’ म्हणाले. धंदा बुडवून असं सांगणारा दुकानदार विरळा, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

*

आमच्याकडे कामाला येतो तो इलेक्ट्रिशियन तरुण आहे, आयटीआय झालेला. त्याने आधी मल्टिमीटर लावला तेव्हा फेज आणि अर्थच्या मध्ये २२० च्या आसपास दाखवलं. मला वाटलं, झालं. तो मात्र हसला. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजक्या तारेलाही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याने शंभर वॉटचा जुना बल्ब होल्डरला लावून आणला होता. आधी ओरडून सांगितलं, ‘फ्रीजाक नि मशिनीक कोणी हात लावू नका,’ आणि मग बल्बचं एक टोक फेजला, दुसरं अर्थला लावलं. बल्ब लागला, पण लालसर, मेल्यासारखा. तोच बल्ब न्यूट्रलला लावल्यावर लख्ख.

हात लावू नका का म्हणाला, तर अर्थिंग कच्चं असताना बल्बमधून गेलेला करंट जमिनीत नीट मुरत नाही आणि घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या पत्र्यांवर तेवढा वेळ व्होल्टेज चढतं. ही चाचणी घरी आपली आपण करून बघण्यातली नाही.

‘वयनी, ह्यां आर्थिंग नाय, नुसती तार आसा,’ असा निकाल लागला.

मग तो अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगच्या वाटेत किती अडथळा आहे ते मोजणारं यंत्र, घेऊन आला. या यंत्राला दोन लोखंडी खिळे ठरावीक अंतरावर जमिनीत ठोकावे लागतात. कातळात ठोकणार कुठे? त्याने मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट कातळावर पसरलं, त्यावर खिळे आडवे ठेवले, वर दगड ठेवला. आकडा आला ३०० ओहमच्या आसपास. तो लगेच कागदावर भागाकार करून दाखवायला लागला: २३० भागिले ३०० म्हणजे पाऊण अँपिअर. उद्या वॉशिंग मशीनच्या पत्र्याला फेज चिकटला, तर जमिनीत फक्त पाऊण अँपिअर जाणार. सोळा अँपिअरचा एमसीबी त्याला जन्मात पडणार नाही, आणि मशीनचा पत्रा जिवंत राहणार.

सर्ज प्रोटेक्टर आणायला गेले होते आणि एवढी वर्षं आम्ही कशावर हात ठेवून कपडे धूत होतो ते कळलं. टीव्हीचं दुःख त्या दिवशी बरंच कमी झालं.

आता कातळावर अर्थिंग करायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच माहीत. घाटावर काळ्या मातीत खड्डा काढला, पाइप किंवा प्लेट घातली, कोळसा-मीठ भरलं की काम झालं. जांभा दगड भोकाभोकांचा. पावसाळ्यात पाणी पितो, पण मार्चनंतर कोरडा ठणठणीत होतो आणि कोरडा जांभा वीज वाहून नेत नाही. सासूबाईंची कळशी त्यासाठीच होती. त्या पाइपाखाली माती मुळात वीतभरच असावी.

‘तुमच्या न्हाणीचा पाणी खंय जाता?’ त्याने विचारलं. जातं माडांच्या आळ्यात. तिथे भर टाकलेली आहे, बारा महिने ओल असते. पहिला खड्डा तिथे. साडेपाच फुटांवर घट्ट जांभा लागला, मग ब्रेकर लावून जमेल तेवढं खाली गेलो. दुसरा खड्डा पहिल्यापासून दहा-बारा फुटांवर. जवळजवळ दोन खड्डे घेतले तर दोघांची माती एकच होते आणि फायदा अर्धाही मिळत नाही. खड्डा जितका खोल, निदान तेवढं तरी अंतर हवं. खरी युक्ती मात्र दोन खड्ड्यांच्या मधली. नुसती तार न ओढता त्याने गॅल्वनाइज्ड पट्टी चरात आडवी पुरली, वर लाल माती घातली. खोल जाता येत नसेल तर आडवं पसरायचं. ती पट्टी स्वतःच अर्थिंगचं काम करते.

भरावात कोळसा-मीठ की बेंटोनाइट यावर थोडा वाद झाला. गवंड्याचं म्हणणं कोळसा-मीठ, वर्षानुवर्षं चालत आलेलं. पण आमच्याकडच्या पावसात मीठ धुऊन जायला वेळ लागत नाही, आणि जाताना ते लोखंड खाऊन जातं. जुन्या पाइपाची जमिनीखालची गत बघितल्यावर मी बेंटोनाइटच्या बाजूने मत दिलं. ही माती पाणी धरून ठेवते, फुगते, पाइपाला चिकटून राहते.

पुन्हा गोणपाटाचा खेळ केला. आकडा ९ ओहम. शहरातल्या पुस्तकी इंजिनिअरला हाही जास्त वाटेल. कातळावर मला तो सोन्यासारखा वाटला. तरी पुन्हा भागाकार केला: २३० भागिले ९, म्हणजे २५ अँपिअर. सोळाचा एमसीबी २५ अँपिअरला पडेल, पण लगेच नाही, रेंगाळत. तेवढ्यात माणूस जाऊ शकतो. म्हणून मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घेतला. करंट जमिनीकडे गळायला लागला की तो लाईट तोडतो. सर्जसाठी नाही, माणसांसाठी. दोन्ही कामं एकाच बोर्डात होत असताना हे टाळणं म्हणजे शुद्ध कद्रूपणा.

*

आता ज्यासाठी एवढं सगळं केलं तो डबीतला सर्ज प्रोटेक्टर. एमसीबीसारखाच दिसतो, बोर्डात त्याच रेलवर बसतो. याचे प्रकार तीन. टाइप १ ज्या इमारतीवर तडितवाहक, म्हणजे पडलेली वीज जमिनीत नेणारी सळई, बसवलेला आहे तिच्यासाठी, प्रत्यक्ष पडलेल्या विजेचा वाटा सोसणारा. टाइप २ घराच्या बोर्डात, तारांतून येणाऱ्या लोटासाठी. टाइप ३ उपकरणाजवळ, म्हणजे ती चांगली पट्टी. आम्ही टाइप २ घेतला: नेहमीची क्षमता २० किलोअँपिअर, कमाल ४०. तो व्होल्टेज १.५ किलोव्होल्टच्या आत आणून सोडतो. घरगुती उपकरणं साधारण २.५ किलोव्होल्टचा झटका सोसतील अशी बनवलेली असतात, म्हणजे मध्ये जागा राहते. बाकीचं उरलंसुरलं पट्टीतली चकती बघते.

आत रचना अशी की फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एमओव्ही, आणि न्यूट्रल व अर्थच्या मध्ये वायूने भरलेली एक नळी. आमच्यासारखं ज्या घराचं अर्थिंग स्वतःचं, स्वतंत्र असतं तिथे ही जोडणी बरोबर. एमओव्ही म्हातारी झाली की थोडं थोडं झिरपायला लागते. ती थेट अर्थला जोडली असती तर ते झिरपणं जमिनीत जाऊन अर्थिंगवर कायमचं ओझं झालं असतं.

निवड करताना एका आकड्यावर आम्ही अडलो. २७५ व्होल्टचा घ्यायचा की ३२०? हा आकडा म्हणजे तो सतत किती व्होल्टेज सोसेल. २७५ चा थोडा लवकर अडवतो, म्हणून कागदावर चांगला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, गावातलं व्होल्टेज रात्री दोननंतर बघितलंय का कधी? ३२० चाच घेतला. हे का बरं झालं ते पुढे येईल.

बसवताना त्याने तारा नेहमीसारख्या सुबक वळवून, कडेकडेने, काटकोनात आणल्या. बोर्ड दिसायला देखणा झाला. मग त्यानेच कंपनीचा कागद वाचला आणि सगळं पुन्हा उसकटलं. लोट इतक्या वेगाने चढतो की साधी सरळ तारही त्याला आडवी येते. दहा हजार अँपिअरचा लोट असेल तर एक मीटर तारेवर सुमारे हजार व्होल्ट अडकून राहतात, आणि ते प्रोटेक्टरच्या दीड हजारांत मिळवावे लागतात. म्हणजे सुबक वळणांच्या नादात निम्मं संरक्षण गमावलं. फेजपासून प्रोटेक्टरपर्यंत आणि तिथून अर्थच्या पट्टीपर्यंत, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत तार हवी. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची, सरळ, आखूड. आता बोर्ड उघडला तर मधोमध तारा तिरप्या गेलेल्या दिसतात आणि बघणारा प्रत्येक वायरमन नाक मुरडतो. मुरडू दे. जागाही आरसीसीबीच्या आधीची, म्हणजे लोट आरसीसीबीमधून जात नाही आणि दर गडगडाटाला लाईट उडत नाही.

*

बोर्ड झाल्यावर मी टीव्हीवाल्याचं बोलणं इलेक्ट्रिशियनला सांगितलं. डिशच्या बाजूने जळालं म्हणजे काय? तो गच्चीवर गेला, खाली आला, घराच्या पुढच्या बाजूला गेला. डिश बसवणाऱ्यांनी तिच्या दांड्याला वेगळी तार बांधून पुढच्या अंगणात एक हातभर सळई ठोकून अर्थ केली होती. चांगल्या बुद्धीने केलेलं काम. आणि टीव्ही गेला तो नेमका त्यामुळे.

हे मला समजायला वेळ लागला. आपल्याला वाटतं अर्थ म्हणजे शून्य. रोजच्या व्यवहारात ते खरं. पण सर्जचे दोन-तीन हजार अँपिअर जेव्हा आत्ताच्या ९ ओहममधूनही जमिनीत शिरतात तेव्हा गुणाकार करा: घराचं अर्थ स्वतःच वीस-पंचवीस हजार व्होल्टने वर उचललं जातं. त्या वेळी पुढच्या अंगणातली सळई खालीच असते. टीव्हीचा एक हात बोर्डाच्या अर्थला आणि दुसरा डिशच्या अर्थला. मधला सगळा फरक टीव्हीच्या पोटातून जातो. भरती आली की होडी पाण्याबरोबर वर येते, तिचं काही बिघडत नाही; पण एका टोकाला ती धक्क्याच्या कडीला आवळून बांधलेली असेल तर फळ्या निखळतात. व्होल्टेज किती चढलं याने वस्तू मरत नाही. एकाच वस्तूला जोडलेल्या दोन तारा वेगवेगळ्या चढल्या की मरते.

म्हणून डिशचा दांडा जाड तारेने घराच्या मुख्य अर्थला जोडला, तिची केबल घरात शिरते तिथे वायूच्या नळीचा छोटा प्रोटेक्टर लावला, आणि त्याचंही अर्थ त्याच मुख्य अर्थला आणलं. खर्चात हे काम सगळ्यांत स्वस्त. पण मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाचं हेच, आणि यावर कुठलंच खोकं काही बोलत नाही. नुसती महागाची पट्टी लावून टीव्ही वाचला नसता, कारण पट्टी लाईटीच्या दारात उभी आणि चोर डिशच्या दाराने आलेला.

इंटरनेट आता फायबरने येतं, काचेच्या धाग्यातून. त्यातून सर्ज येत नाही. मात्र खांबावरून आलेल्या काही केबलींच्या पोटात किंवा कडेला आधाराची लोखंडी तार असते. आमच्या केबलला होती आणि ती राउटरच्या मागेपर्यंत आणून टेबलाच्या खिळ्याला गुंडाळलेली होती. ती भिंतीबाहेरच सोडवून तोडायला लावली.

*

फेब्रुवारीत, आभाळात ढगाचा तुकडाही नसताना, या सगळ्याची परीक्षा झाली. ती सर्जची नव्हती.

दुपारी घरातली लाईट गेली. बाहेर बघते तर शेजारच्यांचा पंखा गरगर सुटलेला, ट्यूब भगभगतायत. खांबावरचा न्यूट्रल सुटला होता. डीपीपासून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. वाडीतली घरं तिन्ही फेजवर वाटलेली असतात. न्यूट्रल जाग्यावर असेल तर प्रत्येकाला आपापले २३० मिळतात. तो तुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत वाटले जातात, आणि वाटणी उलटी: ज्या फेजवर वापर जास्त तिकडे व्होल्टेज पडतं, वापर कमी तिकडे चढतं. आम्ही चढणाऱ्या बाजूला होतो.

बोर्डात सर्ज प्रोटेक्टरच्या नंतर आम्ही एक व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला होता. हा वेगळा. त्याच्यावर आकडा दिसतो, २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की घर तोडतो, व्होल्टेज जाग्यावर आल्यावर तीन मिनिटं थांबून परत जोडतो. फ्रीजच्या कंप्रेसरला तेवढी उसंत लागते. त्या दिवशी आकडा ३३० च्या आसपास नाचत होता आणि घर तुटलेलं होतं.

सर्ज प्रोटेक्टर स्वतः मात्र त्याच्याही आधी, थेट लाईनवर बसलेला. त्याच्यावर पूर्ण ३३० होते. इथे तो ३२० चा आकडा कामी आला. ३३० चं शिखर १.४१४ ने गुणलं तर ४६७ व्होल्ट. ३२० च्या प्रोटेक्टरमधली चकती ५१० च्या आसपास वाट मोकळी करते, म्हणून ती गप्प राहिली. २७५ ची चकती ४३० ची असते. ती प्रत्येक लाटेला, सेकंदाला शंभर वेळा, उघडत राहिली असती आणि मायक्रोसेकंदांसाठी बनवलेली वस्तू मिनिटभरात तापून गेली असती. शेजारच्यांच्या पट्टीत तेच झालं. टीव्हीमागून धूर निघाला. पट्टी चांगली होती, नावाजलेली होती, तिच्यात एमओव्ही होती. एमओव्ही लोट अडवते. मुक्कामाला आलेलं व्होल्टेज ती अडवू शकत नाही. अडवायला गेली की जळते. चांगल्या पट्टीत चकतीला चिकटून उष्णतेचा फ्यूज असतो, तो वेळेत तोडतो. खोक्यावर बघायच्या गोष्टींत ही एक वाढवा.

तेव्हापासून वाडीत कुणी विचारलं तर मी उलट्या क्रमाने सांगते. आधी अर्थिंग मोजून घ्या, मग आरसीसीबी, मग व्होल्टेज प्रोटेक्टर, मग सर्ज प्रोटेक्टर, सगळ्यांत शेवटी पट्टी. माझा सगळ्यांत जास्त पैसा खड्ड्यांत गेला, शब्दशः. प्रोटेक्टरची डबी त्यापुढे काहीच नाही. लोकांना मात्र डबीचा फोटो हवा असतो.

आणखी एक उपाय फुकटातला. सासूबाई पहिला गडगडाट ऐकला की उठून पिना काढतात. हे सगळं बसवल्यावरही मी त्यांना थांबवलेलं नाही. वीज थेट घरावर किंवा घरच्या खांबावर पडली तर बोर्डातला टाइप २ आणि टेबलावरची पट्टी दोन्ही हात टेकतात. बटण बंद करून भागत नाही, कारण बटणातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीवरून सर्ज उडी मारू शकतो. पीनच काढायची, डिशची केबलही. फक्त ती गडगडाट डोक्यावर आल्यावर नाही, आधी. त्यासाठी मी फोनवर दामिनी ॲप ठेवलं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं आहे, आपल्या आसपास कुठे विजा पडतायत ते दाखवतं. सासूबाईंचे कान बऱ्याचदा त्याच्या आधी सांगतात, तो भाग वेगळा.

सर्ज प्रोटेक्टरला एक छोटी खिडकी असते. हिरवी असेपर्यंत आतली चकती शाबूत, लाल झाली की गेली. प्रत्येक लोटागणिक ती थोडी झिजते, त्यामुळे एक दिवस लाल होणारच. मेच्या अखेरच्या पावसानंतर आमची लाल झाली. घरातलं काहीही गेलं नाही. आतला तुकडा खेचून काढता येतो, नवा दाबून बसवायचा. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनने ते चहा गार व्हायच्या आत केलं. कंपनीचा तोच आणि ३२० चाच तुकडा लागतो. कणकवलीला तो लगेच मिळाला नाही, मागवावा लागला आणि मधले दिवस घर उघड्यावर राहिलं. आता एक जादा आणून कपाटात ठेवला आहे. लाल खिडकीकडे कुणी आपणहून बघत नाही, म्हणून लाईटबिल आलं की बोर्डाचं झाकण उघडून बघायचं असं ठरवलं आहे.

विहिरीवरच्या पंपाचं अजून राहिलं आहे. घरापासून पंपापर्यंत केबल कातळावरून उघडी गेली आहे, आणि अशी लांब केबल म्हणजे सर्जला आत यायला आणखी एक वाट. तिकडून आलेला लोट घरच्या बोर्डात मागच्या दाराने शिरेल. स्टार्टरच्या पेटीत वेगळा टाइप २ लागेल, आणि त्याला जवळ अर्थिंग. विहिरीच्या काठाला ओल आहे, पण खड्डा पाण्यापासून किती लांब घ्यायचा यावर इलेक्ट्रिशियन आणि पंपवाला यांचं एकमत होत नाही. गणपतीनंतर दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं आहे. तोपर्यंत पंपाची पीन काम झालं की काढलेलीच असते.